चार इंचाचं भोक

मागच्या रविवारी अण्णांचा फोन आला. "अजून एक बोअर घ्यावा म्हणतोय, तुझं काय मत?" मी पुण्यात बसून मत काय देणार? पण गेल्या काही दिवसांपासून रात्री जागून एक वेगळाच विषय वाचत होतो. वनजमिनीवर खनिजं शोधायला जे ड्रिलिंग करतात, त्याचा पर्यावरणाच्या दृष्टीने आढावा घ्यायचा की नाही, हा तो विषय. फोन ठेवला आणि लक्षात आलं की अण्णांचा बोअर आणि हे ड्रिलिंग ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. म्हणून हा शनिवार त्यालाच दिला. जरा लांबण लागेल, चहा घेऊनच बसा.

आधी आमच्याकडची गोष्ट. आमचं गाव पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरावर. आजोबांनी बोअर घेतला तेव्हा १८० फुटांवर पाणी लागलं होतं. अण्णांचा पहिला ३५० वर गेला. २०१६ च्या दुष्काळात मी इंजिनिअरिंगला होतो, तेव्हा रात्री गाडी आली, पाणाड्याने नारळ फिरवून जागा दाखवली आणि ६०० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. मुरूम, काळा पाषाण, मधे लाल गेरूचा थर, परत काळा पाषाण. बीड जिल्ह्यातल्या माणसाला भूगर्भशास्त्र शिकवावं लागत नाही. फुटामागे पैसे मोजून तो ते शिकलेला असतो.

हा काळा पाषाण म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याच्या खाली काय आहे? शेजारच्या लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, त्यानंतर हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थेने तिथे ६१७ मीटर खोल भोक पाडलं. बेसॉल्ट ३३८ मीटरला संपला आणि खाली अतिप्राचीन खडक लागला. म्हणजे एवढी मोठी लाव्ह्याची चादर, पण तिच्याखाली काय आहे हे खात्रीने सांगायला भोकच पाडावं लागलं. शास्त्र कितीही पुढे गेलं तरी शेवटचा पुरावा भोकातून वर येणाऱ्या दगडाच्या कांडीचाच असतो. ड्रिलिंगशिवाय खनिजशोध नाही, हे आधी मान्य करून पुढे जाऊ.

आता इतिहास. आमचा बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात खनिजशोधाचा पहिला मोठा कागद १८८६ चा. त्याआधी १८७१ मध्ये जिऑलॉजिकल सर्व्हेच्या डॉ. किंग यांना आताच्या तेलंगणातल्या येल्लंदूजवळ कोळसा सापडला होता. मग निजाम सरकारने राज्यातल्या खाणींचा ९९ वर्षांचा मक्ता दिला आणि तो लंडनच्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीकडे गेला. कंपनीचं भांडवल दहा लाख पौंड, दहा पौंडांचा एक असे एक लाख शेअर. त्यातले ८५ हजार शेअर 'पूर्ण पैसे भरलेले' म्हणून मक्ता मिळवणाऱ्यांच्याच खिशात! वर निजामाचाच अधिकारी अब्दुल हक याने त्यातले काही शेअर चढ्या भावाने निजाम सरकारलाच विकले. बोभाटा झाला, तो नोकरीतून गेला आणि १८८८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली.

ही गोष्ट घोटाळा म्हणून सांगितली जाते, मला ती दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. राज्याच्या बहुतेक भागात कुदळही लागली नव्हती. विकला गेला तो शोधण्याचा हक्क. जमिनीखाली काही असो वा नसो, शोधण्याच्या हक्कालाच किंमत असते. आणि ज्या गोष्टीला किंमत आली, तिच्यामागे पैसा, माणसं आणि घाई आलीच. पाटोद्यातल्या माळावर गुरं चारणाऱ्या माणसाला आपला डोंगर लंडनच्या एका कागदात गेलाय हे कळायचं काही कारण नव्हतं.

आता एकदम शंभर वर्षं पुढे येऊ. २५ ऑक्टोबर १९८० ला वन संवर्धन कायदा आला. वनजमीन वनेतर कामाला द्यायची तर केंद्राची आधी मंजुरी हवी, एवढाच त्याचा गाभा. मग प्रश्न आला की खनिजासाठी भोक पाडणं हे वनेतर काम धरायचं का? केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी मधला मार्ग काढला. १०० चौरस किलोमीटरमध्ये जास्तीत जास्त १० भोकं, प्रत्येकी व्यास ४ इंचांपर्यंत, आणि एकही झाड तोडायचं नाही. एवढ्यात काम होत असेल तर कायदा लागू नाही. त्याहून जास्त भोकं असतील तर केंद्राची परवानगी घ्या.

आयटीवाल्याला आकडा दिसला की हात शिवशिवतात. ४ इंची भोकाचं तोंड साधारण ८१ चौरस सेंटिमीटर. दहा भोकांचं मिळून ८१० चौरस सेंटिमीटर, म्हणजे माझ्या लॅपटॉपच्या झाकणापेक्षा जरासं मोठं. १०० चौरस किलोमीटर जंगलात एक लॅपटॉप. याला कोण हरकत घेणार? :-)

पण यंत्र काही आकाशातून उतरत नाही. दहा भोकं सारख्या अंतरावर पाडली तर दोन भोकांत साधारण ३.२ किलोमीटर अंतर येतं. समजा सगळी जोडायला ३ मीटर रुंद वाट लागली, तर नऊ टप्प्यांची मिळून २९ किलोमीटर वाट, म्हणजे साडेआठ हेक्टरच्या वर जमीन. शिवाय यंत्र उभं करायला सपाट जागा, चिखलपाण्याचा खड्डा, पाण्याचे टँकर, डिझेल आणि रात्रीचा आवाज. जुन्या वाटा वापरल्या तर हा आकडा पुष्कळ कमी होईल, हेही खरं. सांगायचा मुद्दा एवढाच की नियम भोक मोजतो, आणि जंगलाला त्रास होतो तो मुख्यतः भोकापर्यंतच्या वाटेचा.

दुसरा हिशेब अजून बोलका आहे. कोळशाचा साठा 'सिद्ध' म्हणायचा तर आपल्याकडच्या पद्धतीत भोकापासून २०० मीटरच्या आतलाच भाग धरतात. म्हणजे भोकं साधारण ४०० मीटरवर हवीत. त्या हिशेबाने १०० चौरस किलोमीटरला ६२५ भोकं! आणि ५ चौरस किलोमीटरच्या छोट्या ब्लॉकलाही तीसेक. म्हणजे १० भोकांची सूट ही नुसता अंदाज घेण्यापुरती होती. खरं शोधकाम करायचं तर परवानगीचं दार ठोठवावंच लागे. नियम बनवणाऱ्याने विचार केला होता म्हणायचा.

या वनमंजुरीशिवाय आणखी एक दार होतं, पर्यावरण मंजुरीचं. हे वेगळ्या कायद्याखालचं, लोक बऱ्याचदा दोन्हींची गल्लत करतात. १९९४ च्या अधिसूचनेच्या चौकटीत ५०० हेक्टरांहून मोठ्या क्षेत्रातल्या प्रमुख खनिजांच्या पूर्वेक्षणाची, म्हणजे प्रॉस्पेक्टिंगची, दखल घेतलेली होती. १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने ड्रिलिंग नसलेल्या पूर्वेक्षणाला, तेही आधी सर्वेक्षणाची परवानगी असेल तर, सूट दिली. म्हणजे ड्रिलिंग आलं की आढावा आला. ही रेघ मला पटते. पण ती तीनच वर्षं टिकली. १ डिसेंबर २००९ च्या दुरुस्तीने 'ड्रिलिंग नसलेलं' हे शब्द गेले आणि सगळंच खनिज पूर्वेक्षण मोकळं झालं.

उरलं वनमंजुरीचं दार. २०२३ च्या दुरुस्तीने, जी १ डिसेंबर २०२३ पासून लागू झाली, पूर्वेक्षण, शोध, भूकंपलहरींनी केलेलं सर्वेक्षण ही कामं केंद्र ठरवेल त्या अटींवर 'वनेतर काम' या व्याख्येतूनच बाहेर काढली. त्याच वर्षी खनिज कायद्यात २९ महत्त्वाच्या आणि खोलवरच्या खनिजांसाठी खास शोध परवाना आला. म्हणजे १८८६ सारखाच शोधण्याचा हक्क पुन्हा स्वतंत्र वस्तू झाला. फरक एवढा की आता लिलाव उघड होतो आणि कागद सगळ्यांना बघायला मिळतात. हा फरक लहान नाही, हेही नमूद करतो.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही. लिथियम, तांबं, दुर्मिळ खनिजं सगळ्यांनाच हवीत. ज्या फोनवर तुम्ही हे वाचताय त्यातही आहेत. शिवाय बहुतेक शोध फसतात. भोक पाडलं, काही नाही मिळालं, बुजवलं, निघून गेले. प्रत्येक भोकाला जाडजूड अहवाल मागणं हा वेडेपणाच. शोध म्हणजे डेटाबेसवर चालवलेली सिलेक्ट क्वेरी, नुसतं वाचायचं, काही बदलायचं नाही, असा हा युक्तिवाद आहे.

पण ज्याने कुणी प्रॉडक्शनवर काम केलंय त्याला ठाऊक असतं की नुसतं वाचणंही फुकट नसतं. एक क्वेरी काही करत नाही, तीच सहाशे जणांनी एकदम चालवली की सर्व्हर झोपतो. आणि एकदा रिपोर्ट साहेबाच्या टेबलावर गेला की पुढचे निर्णय त्या आकड्यावर उभे राहतात. मग आकडा मागे घेता येत नाही.

याचं आपल्या राज्यातलं उदाहरण म्हणजे चंद्रपूरचा लोहारा. कोळसा ब्लॉक म्हणजे काय, तर खाली कोळसा आहे असं आधीच्या भोकांनी सांगितलेला जमिनीचा तुकडा. लोहारा ब्लॉक ताडोबाच्या वाघांच्या जंगलाला लागून. २००७ मध्ये तो अदानी पॉवरला तिरोड्याच्या वीज प्रकल्पासाठी मिळाला. चंद्रपुरात लोक रस्त्यावर उतरले, उपोषणं झाली आणि २००९-१० मध्ये केंद्राने खाणीला नकार दिला. जंगल वाचलं. पण तोवर त्या कोळशाच्या भरवशावर विजेचा करार झाला होता. कोळसा गेल्याचा बोजा कोणी उचलायचा, यावरचा वाद वीज नियामक आयोगापर्यंत गेला. हाच प्रश्न भोकं पाडतानाच विचारला असता, की 'इथे कोळसा सापडलाच तर आपण खोदणार आहोत का?', तर कंपनीचे, सरकारचे आणि वाघांचेही कष्ट वाचले असते. पर्यावरणाचा आढावा लवकर घ्यायचा तो यासाठी. नकार सगळ्यांत स्वस्त असतो तो सुरुवातीलाच.

अमेरिकेतही हीच ओढाताण आहे. तिथल्या वनखात्याच्या नियमांत एक वर्षाच्या आतल्या छोट्या शोधकामाला सविस्तर आढाव्यातून बरीच वर्षं सूट होती. कॅलिफोर्नियातल्या इन्यो राष्ट्रीय वनात सोन्यासाठी ड्रिलिंग करायचं होतं. पण भोकं पाडून जमीन पूर्ववत करायची तर काम एका वर्षात बसेना. मग ड्रिलिंगला एक सूट आणि जमीन पूर्ववत करायला दुसरी, अशी दोन सुटींची मोट बांधली. २०२४ मध्ये अपील न्यायालयाने सांगितलं की असं चालणार नाही. तुकडे करून प्रत्येक तुकडा 'लहान' ठरवायचा, ही युक्ती जगभर सारखीच!

आणि इथेच मला बीड आठवतो. आमच्याकडे भोकांसाठी कायदा नाही असं थोडंच आहे? १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घ्यायची नाही. २००९ च्या भूजल कायद्याने ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' म्हणून वेगळं काढलं आणि तिच्यावर बंधनं घातली. ६० मीटर म्हणजे जेमतेम २०० फूट. अण्णांचा शेवटचा बोअर ६०० फुटांचा. गाडी रात्री आली, सकाळी गेली, विचारायला कोणी आलं नाही. एकट्या अण्णांच्या बोअरने गावची विहीर आटली का? नाही. शेजारच्या काकांच्या बोअरने? तेही नाही. कोणाच्याच एकट्याच्या भोकाने काही झालं नाही. तरी विहीर आटली. एकेक भोक सुटं बघितलं तर ते निर्दोषच असतं. म्हणून कुणी तरी सगळ्यांची बेरीज करायला हवी, आणि आढावा म्हणजे दुसरं काय, ही बेरीजच.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. वनजमिनीवरच्या प्रत्येक शोधभोकाची जागा, खोली आणि तिथवरची वाट एका नकाशावर सगळ्यांना दिसू द्या. भोक सिमेंटने बुजवल्याचा फोटो टाका. ज्या गावाचं शिवार आहे त्या ग्रामसभेला यंत्र यायच्या आधी कळवा. आणि अमुक जंगलात आधीची किती भोकं आहेत ते बघूनच पुढची परवानगी द्या. हे सॉफ्टवेअर दोन पोरं महिन्याभरात लिहून देतील. आमच्या पाटोद्यात नायगावचं मोरांचं अभयारण्य आहे, सुमारे ३० चौरस किलोमीटर. अभयारण्य म्हणून त्याला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. बाकीच्या उजाड दिसणाऱ्या वनखात्याच्या माळांना तेवढंही नाही, आणि आमच्या जिल्ह्यात जंगल म्हणून जे काही उरलंय ते बहुतांशी असंच दिसतं.

असो. काल अण्णांना परत फोन केला. म्हटलं, "बोअर घ्यायचा का नाही ते नंतर बघू, आधी सांगा आपल्या शिवारात एकूण बोअर किती?" ते मोजायला लागले. वरच्या वस्तीवरचे, ओढ्याकाठचे, पाव्हण्यांच्या मळ्यातले. साठाच्या पुढे गेले आणि थांबले.

"बंद पडलेले पण धरायचे का?"

धरायचेच की, म्हटलं. सगळे धरा.