तासातासाची लघवी

माझी बहुतेक नोकरी अतिदक्षता विभागात गेली. तिथलं सगळ्यात बिनमानाचं काम म्हणजे दर तासाला खाली वाकून युरोबॅगमधली लघवी मोजायची आणि चार्टवर लिहायची. माहेरी शिरड शहापूरला हे सांगितलं की बायका तोंडाला पदर लावायच्या. पण अत्यवस्थ माणसाचं मूत्रपिंड अचानक बंद पडतं, त्या आजाराचा इतिहास लिहायचा तर या चार्टपासूनच सुरुवात करावी लागेल.

१९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी ढिगाऱ्याखाली हातपाय चेंगरलेल्या चार माणसांची हकिकत छापली. माणसं जिवंत निघाली, मग लघवी आटत गेली आणि काही दिवसांनी ती दगावली. उपाय नव्हता. दोन वर्षांनी नेदरलँड्समध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या कांपेन गावात, विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या सेलोफेन नळीचं डायलिसिस यंत्र माणसावर चालवलं. सुरुवातीचे रोगी एकेक करून गेले. १९४५ मध्ये ६७ वर्षांची एक बाई त्यातून वाचली.

आपल्याकडचं प्रकरण अजून अंगावर येतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. मूत्रपिंडं निकामी होऊन १४ रोगी गेले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या आयोगाने औषधखरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळ्यांची झडती घेतली.

त्या काळी ‘किडनी फेल’ नेमकी कधी म्हणायची, याचा मेळच नव्हता. जगभरात तीसहून जास्त व्याख्या चालू होत्या. लघवी कमी झाली की ती वाढवायला लॅसिक्स आणि थोडं डोपामिन, हा ठरलेला शिरस्ता. २००० साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या ३२८ रोग्यांवरच्या अभ्यासाने दाखवलं, की एवढ्याशा डोपामिनने मूत्रपिंड वाचत नाही. आम्ही ते किती भक्तिभावाने लावत होतो!

मग २००४ मध्ये ‘रायफल’ वर्गीकरण आलं, २००७ मध्ये ‘एकिन’, आणि २०१२ मध्ये ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटाने दोन्ही एकत्र केली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाने रक्तातून गाळायचा कचरा, ४८ तासांत डेसिलिटरमागे ०.३ मिलिग्रॅमने वाढलं किंवा सात दिवसांत दीडपट झालं, तर पहिली पायरी. दुप्पट झालं तर दुसरी, तिप्पट किंवा ४ वर गेलं तर तिसरी. त्याच्याच शेजारी लघवीचं माप: ६० किलोच्या माणसाला तासाला ३० मिलिलिटरपेक्षा कमी, ती सहा तास टिकली तर पहिली पायरी, बारा तास टिकली तर दुसरी. बारा तास थेंबही नाही, तर थेट तिसरी. रक्तातलं क्रिएटिनिन बऱ्याचदा उशिरा चढतं. चार्ट त्याआधी ओरडतो. आमच्या वाकण्याला या वर्गीकरणाने निदानाच्या पंक्तीत बसवलं, म्हणून मला त्याचं कौतुक.

उपचारात मात्र घाईचा उपयोग नसतो. १५ देशांतल्या सुमारे तीन हजार रोग्यांचा २०२० सालचा अभ्यास सांगतो, की तातडीचं कारण नसताना आधीच डायलिसिस लावून जास्त जीव वाचत नाहीत. उलट तीन महिन्यांनीही यंत्राला बांधलेले राहतात ते जास्त. जंतुसंसर्ग आटोक्यात आणा, रक्तदाब धरा, जेन्टामायसिनसारखी मूत्रपिंडाला जाचणारी औषधं शक्य तर थांबवा, सलाईनही बेतानं द्या. पोटॅशियम किंवा रक्तातलं आम्ल आवरेना, छातीत पाणी भरलं, तर मात्र यंत्राला पर्याय नाही.

शिरडला, वसमतला हळदीच्या, सोयाबीनच्या रानात घोणस चावते, फुरसं चावतं. पावसाळ्यात हगवण-उलटी लागते. दोन्हींत मूत्रपिंड बसू शकतं. तेव्हा रोग्याला वसमतला, नांदेडला नेताना मनानं दुखण्याच्या गोळ्या देऊ नका. शेवटची लघवी कधी झाली, किती झाली, रंग कसा होता, हे सोबतच्या माणसानं लक्षात ठेवावं, आणि कुणी विचारायची वाट न बघता डॉक्टरांना सांगावं.