प्राग वसंत

प्राग वसंत : चेकोस्लोव्हाकियातील सत्तारूढ साम्यवादी पक्षाने जानेवारी ते ऑगस्ट १९६८ या काळात हाती घेतलेल्या आर्थिक व राजकीय सुधारणांचे पर्व. हे नाव मुळात प्रागमध्ये १९४६ पासून दरवर्षी भरणाऱ्या संगीत महोत्सवाचे. पुढे ते या पर्वास चिकटले. समाजवादी अर्थव्यवस्था आतून सुधारता येते काय आणि आर्थिक सुधारणा राजकीय सुधारणांवाचून तडीस जातात काय, हे दोन प्रश्न या घटनेने जगापुढे आणले.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी चेकोस्लोव्हाकियाची गणना यूरोपातील प्रगत औद्योगिक देशांत होत असे आणि १९३८ पर्यंत तेथील संसदीय लोकशाहीही टिकून होती. १९४६ च्या निवडणुकीत साम्यवादी पक्षास सुमारे ३८ टक्के मते मिळाली. फेब्रुवारी १९४८ मध्ये त्याने सर्व सत्ता बळकावली खरी. परंतु त्यामागे काही अंशी लोकमत होते, ही गोष्ट पोलंड वा हंगेरीविषयी तितक्या निश्चितपणे म्हणता येत नाही. १९६८ ची सुधारणा पक्षाच्या आतून उद्भवली, याचे एक कारण येथे सापडते.

सत्तांतरानंतर सोव्हिएट नमुन्याचे केंद्रीय नियोजन स्वीकारण्यात आले. काच, कापड, पादत्राणे यांसारखे जुने नामांकित उद्योग मागे पडून पोलाद व अवजड यंत्रे यांवर भर देण्यात आला. त्यासाठी लागणारे लोहखनिज मात्र मुख्यतः सोव्हिएट रशियातून आणावे लागे. कारखान्याचे यश एकूण उत्पादनाच्या मूल्यावर मोजले जाई. साहजिकच जितका कच्चा माल अधिक खर्ची पडेल, तितके उद्दिष्ट गाठणे सोपे होई. मालाला गिऱ्हाईक आहे की नाही, ही चिंता व्यवस्थापकास नसे. परिणामतः गोदामे न खपणाऱ्या मालाने भरत आणि दुकानांत हवी ती वस्तू मिळत नसे. १९६१ मध्ये सुरू झालेली तिसरी पंचवार्षिक योजना १९६२ मध्येच गुंडाळावी लागली आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नात प्रत्यक्ष घट झाली. नियोजन म्हणजे अखंड वाढ, अशी ज्या राजवटीची ग्वाही होती, तिला हा धक्का मोठा होता.

या परिस्थितीत विज्ञान अकादमीच्या अर्थशास्त्र संस्थेचे संचालक ओटा शिक यांच्या नेतृत्वाखाली अर्थशास्त्रज्ञांच्या गटाने सुधारणेचा आराखडा तयार केला. मध्यवर्ती योजनेने केवळ दीर्घकालीन दिशा ठरवावी, उत्पादनसंस्थांनी काय व किती निर्माण करावे हे बाजाराकडे पाहून ठरवावे, वेतन विक्रीच्या उत्पन्नातून द्यावे आणि किंमती काही नियंत्रित, काही मर्यादित व काही मुक्त अशा तीन प्रकारच्या असाव्यात, हे त्यातील मुख्य मुद्दे होत. मालकी मात्र समाजाचीच राहावयाची होती. पक्षाच्या मध्यवर्ती समितीने जानेवारी १९६५ मध्ये आराखडा संमत केला व १ जानेवारी १९६७ पासून त्याचा मोठा भाग अंमलात आला. घाऊक किंमतींची फेररचना करताच त्या अपेक्षेपेक्षा बऱ्याच अधिक वाढल्या. कारखाने काही न सुधारता नफ्यात आले. मंत्रालये पूर्वीप्रमाणेच हुकूम सोडीत राहिली आणि किफायतशीर कारखान्यांचे शिलकी उत्पन्न काढून घेऊन तोट्यातील कारखाने पोसण्यात येऊ लागले. व्यवस्थापकांची निवड बहुधा कौशल्यापेक्षा पक्षनिष्ठेवर झालेली असे. त्यांच्याकडून बाजाराची जोखीम पत्करण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होते. ज्या यंत्रणेचे अधिकार कमी करावयाचे, तिच्याच हाती अंमलबजावणी सोपविल्याचा हा परिणाम होता. राजकीय सत्तेची रचना बदलल्याशिवाय आर्थिक सुधारणा कागदावरच राहणार, या निष्कर्षाप्रत शिक व त्यांचे सहकारी आले, ते या अनुभवामुळे.

कामगारवर्ग प्रारंभी साशंक होता व त्याची शंका निराधार नव्हती. तोट्यातील कारखाने बंद पडतील, किंमती चढतील आणि वेतनातील समानता जाईल, ही भीती त्यास वाटत होती. कारखान्यांतील निर्वाचित श्रमिक मंडळांची कल्पना काही अंशी ही भीती दूर करण्यासाठी पुढे आली.

राजकीय असंतोषाची कारणे वेगळी होती. १९५२ च्या स्लान्स्की खटल्यात ११ जणांना फाशी देण्यात आले होते. अशा बळींचे पुनर्वसन अर्धवटच झाले. १९६० च्या संविधानाने स्लोव्हाकांची स्वायत्तता आणखी संकुचित केली. जून १९६७ च्या लेखक परिषदेत अभ्यवेक्षणावर उघड टीका झाली. राष्ट्राध्यक्षपद व पक्षाचे प्रथम सचिवपद या दोन्हींवर असलेले आंतोनिन नोव्होत्नी यांना लिओनिद ब्रेझन्येव्ह यांनीही पाठीशी घातले नाही आणि ५ जानेवारी १९६८ रोजी अलेक्झांडर दुबचेक हे स्लोव्हाक नेते प्रथम सचिव झाले. मार्चमध्ये लुडविक स्वोबोदा राष्ट्राध्यक्षपदी आले.

एप्रिल १९६८ मध्ये पक्षाने कृतिकार्यक्रम संमत केला. भाषण, सभा व परदेशप्रवास यांचे स्वातंत्र्य, अन्यायग्रस्तांचे पुनर्वसन, चेक व स्लोव्हाक यांचे संघराज्य आणि उत्पादनसंस्थांची स्वायत्तता यांची हमी त्यात होती. पक्षाचे नेतृत्व कायम राहणार होते; मात्र ते लोकांचा विश्वास संपादून मिळवावे, असे म्हटले होते. तो विश्वास मिळाला नाही तर पुढे काय, याचे उत्तर कार्यक्रमात नाही. ‘मानवी चेहऱ्याचा समाजवाद’ या संकल्पनेतील हा सर्वांत दुबळा दुवा होय. अभ्यवेक्षण जूनमध्ये कायद्याने रद्द झाले व लगेच लेखक व्हाट्सुलिक यांचे ‘दोन हजार शब्द’ हे पत्रक प्रसिद्ध झाले. सुधारणेसाठी लोकांनी स्वतः दबाव आणावा, असे त्याचे आवाहन होते.

मॉस्कोला धास्ती वाटली ती किंमतपद्धतीची नव्हे, तर वृत्तपत्रांची. हंगेरीने १ जानेवारी १९६८ पासून बरीचशी अशाच स्वरूपाची ‘नवी आर्थिक यंत्रणा’ अंमलात आणली होती. तिने पक्षाच्या मक्तेदारीस हात लावला नाही, म्हणून ती खपवून घेण्यात आली. दोन्ही बाजूंच्या नेत्यांच्या चिएर्ना व ब्रातिस्लाव्हा येथील वाटाघाटींनंतरही २०–२१ ऑगस्टच्या रात्री सोव्हिएट रशिया, पोलंड, हंगेरी व बल्गेरिया यांच्या फौजा देशात घुसल्या. पूर्व जर्मनीच्या मुख्य तुकड्या सरहद्दीवरच थांबविण्यात आल्या. रूमानियाने भाग घेण्याचे नाकारले. सैन्याने प्रतिकार केला नाही. लोकांनी रस्त्यांवरील नामफलक काढून टाकले आणि गुप्त नभोवाणी केंद्रे चालविली. शंभराहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. मॉस्कोस नेलेल्या नेत्यांनी २६ ऑगस्ट रोजी शरणागतीच्या मसुद्यावर सह्या केल्या; फ्रांटिशेक क्रीगेल यांनी मात्र सही केली नाही.

भारतातही या घटनेचे पडसाद उमटले. सुरक्षा परिषदेतील निषेधाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. या धोरणाच्या निषेधार्थ केंद्रीय मंत्री अशोक मेहता यांनी राजीनामा दिला. मुंबईच्या समाजवादी व कामगार चळवळीत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते.

एप्रिल १९६९ मध्ये दुबचेक यांच्या जागी गुस्ताव्ह हुसाक आले. किंमतींवरील नियंत्रणे परतली, श्रमिक मंडळे मोडली गेली व पक्षाच्या सुमारे तृतीयांश सभासदांची नावे पटावरून गेली. शिक स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाले.

सुधारणा यशस्वी झाल्या असत्या काय, यावर मतभेद आहेत. मिलान कुंदेरा यांना त्यांत सबंध जगाच्या दृष्टीने अपूर्व असा प्रयोग दिसला, तर बहुतेक सुसंस्कृत देशांत जे नित्याचे आहे तेच येथे काही महिने मिळाले, असे व्हाट्स्लाव्ह हावेल यांनी १९६९ च्या प्रारंभी त्यांना उत्तर दिले. आठ महिन्यांच्या अवधीत श्रमिक मंडळे अथवा मुक्त किंमती यांची खरी कसोटी लागलीच नाही, त्यामुळे आर्थिक बाजूबद्दलचा कोणताही ठाम निर्णय अनुमानावरच आधारलेला राहतो. कृतिकार्यक्रमाचे एक लेखक म्लिनार हे मॉस्को विद्यापीठात मिखाइल गोर्बाचेव्ह यांचे सहाध्यायी होते. गोर्बाचेव्ह यांनी १९८५ नंतर याच वाटेने जाण्याचा प्रयत्न केला. तेथे सैन्य पाठविणारे कोणी नव्हते, तरीही १९९१ मध्ये सोव्हिएट संघ विघटित झाला.

आक्रमणात सामील झालेल्या पाचही देशांनी डिसेंबर १९८९ मध्ये ते चुकीचे असल्याचे मान्य केले. त्याच महिन्यात दुबचेक संघसंसदेचे अध्यक्ष झाले. परंतु नव्या राजवटीतील अर्थमंत्री व्हाट्स्लाव्ह क्लाउस यांनी योजना व बाजार यांचा मेळ घालण्याची कल्पना साफ नाकारून जलद खाजगीकरण पसंत केले. १९६८ च्या सुधारणांपैकी केवळ संघराज्याची रचना टिकली होती. १ जानेवारी १९९३ रोजी तीही संपुष्टात येऊन चेक प्रजासत्ताक व स्लोव्हाकिया ही दोन राष्ट्रे अस्तित्वात आली.