कबड्डीतील साखळी

चढाई करणाऱ्या खेळाडूस आपल्या अंगणात अडवून धरण्यासाठी बचाव करणारे खेळाडू हात गुंफून जी रचना करतात, तीस कबड्डीत साखळी म्हणतात. सातही खेळाडू मैदानात असताना दोन्ही कोपऱ्यांत दोन-दोन व मध्ये तीन अशी मांडणी बहुधा आढळते.

महाराष्ट्रात हा खेळ हुतूतू या नावाने रूढ होता. संजीवनी, गामिनी व अमर हे त्याचे प्रकार. गामिनीत बाद झालेला खेळाडू पुन्हा जिवंत होत नसे. साहजिकच पकडीचे धाडस महाग पडे. १९२३ मध्ये बडोद्यास निश्चित नियमांनुसार स्पर्धा झाल्या, १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन येथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली आणि १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढे संजीवनी प्रकार, सात खेळाडू व ठराविक मापांचे मैदान सर्वत्र रूढ झाले. साखळीचा खरा इतिहास या एकसूत्रीपणापासून सुरू होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

पकडलेला खेळाडू दम न सोडता मध्यरेषेस पोहोचला, तर त्याला धरणारे सर्व बाद होतात. कोपऱ्यातील खेळाडूने घोटा धरला, की तो एकटा मध्यरेषेकडे ओढला जातो. अशा वेळी जोडीदाराने त्याला मागे रोखावयाचे आणि मध्यरक्षकांनी परतीची वाट बंद करावयाची, असे साखळीचे कार्य असते. क्षणभर उशीर झाल्यास एकाऐवजी तिघे-चौघे गमवावे लागतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या एका खेळाडूभोवती सहकारी कडे करतात; साखळीत मात्र प्रत्येकजण आपल्या शेजाऱ्याचा रक्षक असतो.

शालेय क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश १९६२ मध्ये झाला व १९७१ पासून पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकांच्या पदविकेत तिला स्थान मिळाले. शालेय स्पर्धा १४, १७ व १९ वर्षांखालील गटांत तालुक्यापासून सुरू होतात. सालेकसासारख्या तालुक्याच्या पातळीवर एखादा दणकट मुलगा एकट्याने कंबर पकड करून सामना जिंकून देतो आणि मग साखळीचा सराव मागे पडतो. जिल्हा व विभागीय फेरीत ही उणीव उघडी पडते. म्हणून प्रथम हात गुंफून एका लयीत सरकणे, नंतर संथ चढाईवर घोटा पकड व शेवटी कंबर पकड, हा क्रम श्रेयस्कर होय. मातीच्या मैदानावर पडावे कसे, हेही आधी शिकवावे लागते. तोंड दाबून दम मोडणे, पायांची कैची घालणे किंवा इजा होईल अशी पकड करणे नियमबाह्य आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक साखळी स्पर्धेत, तीन वा त्याहून कमी खेळाडू उरले असता केलेल्या यशस्वी पकडीस एक अधिक गुण मिळू लागला. यामुळे एकट्याच्या पकडीचे व धडकेचे आकर्षण पुन्हा वाढले असून शाळकरी मुले दूरदर्शन संचावर पाहून प्रथम तीच उचलतात.