तीन राज्यांतले दप्तर

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानातून आलेला आपला जुना बीदर जिल्हा तिघांत वाटला गेला. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात राहिले; उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले; जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. उदगीरकडचे तालुके आधी उस्मानाबादेत, मग १९८२ मध्ये लातूर जिल्ह्यात आले. माणसे एका दिवसात वाटली गेली. कागदांचा माग मात्र आजही काढावा लागतो.

आजोबांचा फेरफार उर्दूत, नातवाची पहाणी कानडीत आणि घरातले बोलणे मराठीत, अशी घरे आपल्याकडे पुष्कळ. जमिनीचा वा वारसाचा प्रश्न आला की ही मंडळी जुन्या कागदासाठी माझ्याकडे येतात. मी म्हणतो, आधी गाव १९५६ पूर्वी कुठल्या तालुक्यात होते ते पाहा.

कर्नाटकाने माहितीचा कायदा २००० सालीच केला. केंद्राचा २००५ मध्ये आला. शुल्क दहा रुपये. अर्ज कानडीत लिहावा, विषय एकच, शब्द १५० पर्यंत (निबंध तपासणाऱ्याला ही मर्यादा भलतीच आवडते!). चुकीच्या कचेरीत गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य कचेरीकडे पाठवायचा असतो. पण राज्याची हद्द ओलांडून तो जाईल या भरवशावर राहू नये. लातूरसाठी वेगळा अर्ज, निजामी दप्तरासाठी हैदराबादेत तारनाक्याच्या पुराभिलेखागारात वेगळी विचारणा. तीस दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे. अर्जाची पोच मात्र जपावी. दिवस तिच्यावरच्या तारखेपासून मोजतात.