गुहा-लांडगा

गुहा-लांडगा : प्लाइस्टोसीन कालखंडात यूरोपात वावरणारा व आज लुप्त झालेला लांडग्याचा एक प्रकार. शास्त्रीय नाव कॅनिस ल्युपस स्पेलीअस.

बव्हेरियाच्या उत्तर भागात, फ्रँकोनियाच्या डोंगराळ मुलखात, गाइलनरॉइट गावानजीकची झोओलिथेन गुहा हे याचे मूळ प्राप्तिस्थान होय. योहान फ्रीड्रिख एस्पर या धर्मोपदेशकाने १७७४ मध्ये तेथील हाडांचे सचित्र वर्णन प्रसिद्ध केले, आणि पाषाणरूप झालेल्या प्राण्यांस त्याने जी संज्ञा योजिली तीच पुढे गुहेच्या नावात रूढ झाली. याच गुहेतील अवशेषांवरून रोझेनम्यूलरने १७९४ मध्ये गुहा-अस्वलाचे, तर गेओर्ग आउगुस्ट गोल्डफूसने १८१० मध्ये गुहा-सिंहाचे नामकरण केले. पुढे १८२३ मध्ये गोल्डफूसनेच लांडग्याच्या एका पिल्लाच्या अवशेषांवरून कॅनिस स्पेलीअस ही स्वतंत्र जाती मांडली.

गुहेत हाड सापडले एवढ्यावरून तो प्राणी गुहेत राहत होता असे मात्र ठरत नाही. अस्वले शीतनिद्रेसाठी गुहांत शिरत व त्यांतील कित्येक तेथेच मरत, सबब त्यांची हाडे विपुल मिळतात. लांडग्याची त्या मानाने तुरळक असतात. यॉर्कशरमधील कर्कडेल गुहेत १८२१ मध्ये जो अस्थिसंचय उघडकीस आला, त्यात लांडग्याचीही हाडे होती. परंतु हाडांवरील दातांच्या खुणा तपासून तो सर्व संचय तरसांनी आपल्या बिळात ओढून आणला असावा, असा निष्कर्ष विल्यम बकलंडने काढला. उलटपक्षी, पिल्लांचे अवशेष मिळाल्यास मादी तेथे वीत असावी, असे अनुमान करण्यास जागा राहते. मृत अस्वलांच्या मांसासाठी लांडगे आत शिरत, असेही काही संशोधकांचे मत आहे.

गुहेत ऊन-पावसाचा उपद्रव नसतो, तापमान बहुधा स्थिर असते, आणि ठिबकत्या पाण्यातील चुन्याचे पुट हाडांवर चढते. यामुळे उघड्या रानात नष्ट झाली असती अशी हाडेही येथे टिकतात. तथापि पाण्याच्या लोंढ्याने थर मिसळल्यास त्यांचा कालक्रम बिघडतो, आणि किरणोत्सर्गी कार्बनाने कालनिश्चिती करण्याची मर्यादाही सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच असते.

गोल्डफूसने स्वतंत्र मानलेली ही जाती सांप्रत करड्या लांडग्याचीच एक लुप्त उपजाती समजली जाते. आकाराने ती आजच्या यूरोपीय लांडग्याहून किंचित मोठी होती.