लाउडन काउंटी : घरबाजार आणि अर्थस्थिती

लाउडन काउंटी : अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील काउंटी. वॉशिंग्टन डीसीच्या पश्चिम-वायव्येस, पोटोमॅक नदीच्या दक्षिण काठाला. क्षेत्रफळ सुमारे १,३५० चौ. किमी. लोकसंख्या ४,२०,९५९ (२०२०). मुख्य ठाणे लीझबर्ग. १७५७ साली फेअरफॅक्स काउंटीतून वेगळी काढलेली ही काउंटी दोनशे वर्षे गहू, दूधदुभते आणि घोड्यांवर जगली. आज मध्यम घरगुती उत्पन्नात ती देशात पहिल्या क्रमांकावर असते. हे उत्पन्न वर्षाला १ लाख ७० हजार डॉलरच्या पुढे आहे.

१९७० साली इथे ३७,१५० माणसे राहत होती. २००० मध्ये १,६९,५९९ झाली आणि पुढच्या वीस वर्षांत त्यांची अडीचपट. पन्नास वर्षांत अकरा पटींहून अधिक अशी ही वाढ आहे. तिचे पहिले कारण डलस विमानतळ. १९६२ साली तो सुरू झाला तेव्हा राजधानीकर ‘एवढ्या लांब कोण जाणार’ म्हणून नाके मुरडत. विमानतळाच्या मागोमाग रुंद रस्ते आले, मलवाहिन्या आल्या, सरकारची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या आल्या. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीने आपले मुख्यालय डलसला हलवले. त्याच दशकात इंटरनेटच्या जाळ्यांना एकमेकांशी जोडणारी केंद्रे उत्तर व्हर्जिनियात स्थिरावली आणि जमिनीखाली काचतंतूंच्या केबली पसरल्या. डॉटकॉमचा फुगा फुटला, कंपन्या गेल्या, केबली मात्र राहिल्या. लाउडनचे पुढचे नशीब या केबलींनीच लिहिले.

लाउडनमधल्या ॲशबर्नच्या आसपास आज ४ कोटी चौ. फुटांहून अधिक क्षेत्रफळाची डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटचे संगणक ठेवण्याच्या इमारती, उभी आहेत. बाहेरून पाहिले तर राखाडी, जवळजवळ बिनखिडक्यांची, फुटबॉलच्या मैदानापेक्षा मोठी गोदामे. कडेला डिझेल जनरेटरांची रांग आणि छपरावर अहोरात्र घरघरणारे पंखे. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेचा सर्वांत जुना प्रदेश उत्तर व्हर्जिनियातलाच. २० ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बिघाड झाला तेव्हा जगभरची ॲप आणि संकेतस्थळे तासन्‌तास लुळी पडली. जगाच्या इंटरनेटची ७० टक्के वाहतूक लाउडनमधून जाते, असे इथे अभिमानाने सांगितले जाते. हा आकडा कुणी आणि कसा मोजला, हे न विचारलेले बरे. पण जगात इतकी डेटा सेंटर एका जागी दुसरीकडे कुठे नाहीत, याबद्दल वाद नाही.

या गोदामांचा घरांशी संबंध कराच्या बिलात दिसतो. व्हर्जिनियात काउंटी इमारतीवर कर घेतेच, शिवाय आतल्या संगणकांवरही घेते, आणि ते संगणक दर काही वर्षांनी नवे येतात. काउंटीच्या हिशेबाने डेटा सेंटरला पुरवलेल्या सेवेवर १ डॉलर खर्च झाला, तर करापोटी २६ डॉलर परत येतात. घरांचा हिशेब उलटा आहे. घर आले की मूल आले, मूल आले की शाळा आली, आणि स्थानिक कराचा मोठा वाटा शाळांवरच जातो. काउंटीच्या सरकारी शाळांत ८० हजारांहून अधिक मुले शिकतात. डेटा सेंटर शाळेत मुले पाठवत नाही आणि सकाळी आठला रस्ता अडवत नाही. उलट काउंटीच्या सर्वसाधारण निधीचा तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग आता एकट्या या उद्योगातून येतो.

परिणाम असा. २०१२ साली घराच्या दर १०० डॉलर मूल्यामागे १.२३५ डॉलर मालमत्ता कर होता. २०२५ साली तो ०.८०५ वर आला. साडेसात लाख डॉलरच्या घराला जुन्या दराने वर्षाला सुमारे ९,२६० डॉलर भरावे लागले असते. २०२५ च्या दराने सुमारे ६,०४० लागले. अर्थात घराचे मूल्यांकनही तेवढ्या काळात चढलेले असते, म्हणून ही बचत कागदावर दिसते तितकी खिशात उरत नाही. तरीही शेजारच्या फेअरफॅक्सचा दर पाहिला की लाउडनचा घरमालक गप्प बसतो.

साडेसात लाख हा आकडा उगाच घेतलेला नाही. २०२४ च्या सुमारास इथल्या विक्रीची मध्यम किंमत त्याच घरात होती. या पैशात बहुधा टाउनहाउस मिळते. आपल्या रो-हाउसचाच हा उंच भाऊ : तीन मजले, खाली गाडीची जागा, दोन्ही बाजूंना सामाईक भिंत, मागे लाकडी डेक. सोसायटीची वर्गणी वेगळी, आणि दाराला कुठला रंग द्यावा, कचऱ्याचा डबा कुठे ठेवावा याचे नियमही तिचेच. ॲशबर्न, ब्रॅम्बलटन, साउथ रायडिंग इथे अशा घरांच्या ओळीच्या ओळी दिसतात. यांतल्या एकाही वस्तीला नगरपालिका नाही. कारभार पाहते ते नऊ सदस्यांचे काउंटी मंडळ. रहिवाशांत पाचव्या हिश्शाहून अधिक आशियाई मुळाचे आहेत आणि त्यांत भारतीयांचा गट सर्वांत मोठा. तेलुगू, तमिळ, मराठी, गुजराती आयटी कुटुंबांनी २००० नंतरच्या घरखरेदीला मोठा टेकू दिला. काउंटी ज्या मतदारसंघात येते, तिथून २०२४ मध्ये सुहास सुब्रमण्यम अमेरिकी काँग्रेसवर निवडून आले.

गृहकर्जाच्या दराने हा बाजार दोनदा हलवला. जानेवारी २०२१ मध्ये तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला. तेव्हा घर बघायला गेलेल्यांना अंगणात रांग लावावी लागे आणि सांगितलेल्या किमतीच्या वर बोली लावावी लागे. ऑक्टोबर २०२३ मध्ये तोच दर ७.७९ टक्क्यांवर गेला. पुस्तकी नियमाने किमती पडायला हव्या होत्या, त्या पडल्या नाहीत. तीन टक्क्यांच्या आतबाहेरचा हप्ता भरणारा मालक घर विकून सात टक्क्यांच्या घरात कशाला जाईल? विकणारेच कमी, म्हणून किंमत टिकली. नवा घेणारा मात्र दोन्हीकडून पिळला गेला.

नवी घरे बांधावीत, तर जागेची अडचण. पश्चिमेकडचा अर्धाअधिक भाग शेती, घोडे आणि द्राक्षमद्याच्या कारखान्यांसाठी राखलेला आहे. २००३ मध्ये काउंटीने तिथे दहा, वीस, पन्नास एकरांमागे एक घर असे बंधन घातले. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जाहीर सूचनेतल्या त्रुटीवरून ते रद्द केले आणि २००६ मध्ये काउंटीला सौम्य नियम आणावे लागले. पूर्वेकडे विमानतळाच्या गोंगाटाच्या पट्ट्यात घरांना बंदी आहे, डेटा सेंटरला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये, ठरल्यापेक्षा चार वर्षे उशिरा, मेट्रोची सिल्व्हर लाइन ॲशबर्नपर्यंत पोचली. तिच्या लाउडन गेटवे स्थानकातून बाहेर पडले की घरांऐवजी ही गोदामेच समोर येतात. स्थानके ज्या डलस ग्रीनवेच्या मधोमध आहेत, तो खासगी रस्ता. चौदा मैलांना पाच डॉलरहून अधिक टोल.

शिवाय जमिनीच्या भावात घर बांधणारा डेटा सेंटरपुढे टिकत नाही. ॲशबर्नच्या परिसरात एकरी २० लाख डॉलरच्या वर सौदे झाले आहेत. शिक्षक, परिचारिका, अग्निशमन जवान यांना परवडेल असे घर या भावात कोणताही बिल्डर आपणहून बांधणार नाही. १९९३ पासूनच्या नियमानुसार मोठ्या प्रकल्पात काही घरे (स्वतंत्र घरे वा टाउनहाउस असल्यास साडेबारा टक्के) मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी ठेवावी लागतात. नियम चांगला, पण प्रकल्पच कमी झाले की त्याची फळेही कमी. २०२१ मध्ये काउंटीने परवडणाऱ्या घरांचा स्वतंत्र आराखडा केला, पण गरज आणि पुरवठा यांतले अंतर त्याने मिटलेले नाही. पहाटे वेस्ट व्हर्जिनियाकडून येणाऱ्या मोटारींच्या रांगेत लाउडनमध्ये काम करणारे, पण तिथे राहू न शकणारे बरेच जण असतात.

पुढची वाट विजेवर ठरेल. २०२२ च्या उन्हाळ्यात डॉमिनियन या वीज कंपनीने सांगून टाकले, की पूर्व लाउडनमधल्या नव्या डेटा सेंटरना काही वर्षे पूर्ण वीज देता येणार नाही. वाहिन्याच अपुऱ्या आहेत. जुलै २०२४ मध्ये उत्तर व्हर्जिनियातल्या एका वाहिनीवर बिघाड होताच सुमारे १,५०० मेगावॉटचे डेटा सेंटर एका झटक्यात विजेच्या जाळ्यावरून सुटून स्वतःच्या जनरेटरवर गेले, आणि वीज कमी पडण्याऐवजी अचानक जास्त झाली. अपुऱ्या वाहिन्यांवर उपाय म्हणून उच्चदाबाच्या नव्या वाहिन्या येत आहेत. लीझबर्गच्या पूर्वेकडच्या वस्त्यांतून जाणारी ॲस्पन-गोल्डन वाहिनी जमिनीखालून न्या, असा रहिवाशांचा आग्रह होता. राज्याच्या नियामक आयोगाने २०२५ मध्ये तिला उंच मनोऱ्यांवरूनच मंजुरी दिली. कर कमी हवा, पण मनोरा आपल्या खिडकीसमोर नको, असा हा पेच आहे. मार्च २०२५ मध्ये काउंटी मंडळाने डेटा सेंटरची आपोआप परवानगी काढून घेतली. आता प्रत्येक नव्या प्रस्तावाला जाहीर सुनावणी आणि मतदान लागते.

नोकऱ्यांची बाजू तितकी भक्कम नाही. डेटा सेंटर बांधताना इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरांना भरपूर काम असते. उभे राहिल्यावर आत थोडीच माणसे लागतात. पगार मुख्यतः केंद्र सरकार, त्याचे कंत्राटदार, विमानतळ आणि आयटी यांच्याकडून येतो. २०२५ मधली केंद्रीय नोकरकपात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधली ४३ दिवसांची सरकारबंदी यांनी नेमक्या याच घरांचे हप्ते धोक्यात आणले. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी कामगारांच्या नव्या एच-१बी व्हिसा अर्जांवर लादलेल्या १ लाख डॉलर शुल्काचा फटका बसला, तर तो ब्रॅम्बलटनच्या टाउनहाउसांच्या मागणीत आधी दिसेल.

काउंटीच्या अर्थखात्याला स्वतःची वेगळी काळजी आहे. संगणकांवरील कर हा त्यांच्या घसारा वजा केलेल्या मूल्यावर असतो, आणि कोणती कंपनी जुने सर्व्हर कधी बदलेल हे ती कंपनीच ठरवते. २०२१ च्या आर्थिक वर्षात हा अंदाज चुकला आणि सुमारे ६ कोटी डॉलरची तूट आली. तेव्हापासून अर्थसंकल्पात अंदाज हात राखून बांधला जातो आणि काही रक्कम अडीअडचणीसाठी बाजूला ठेवली जाते. एआयच्या लाटेमुळे सध्या आवक वाढती आहे. मात्र ॲशबर्नमधली मोकळी जमीन संपत आल्याने नवे प्रकल्प दक्षिणेला प्रिन्स विल्यम काउंटीकडे आणि त्याहून दूर सरकू लागले आहेत.