न्येन : सुगी की श्वापद?

चीनमध्ये नववर्ष साजरं करण्याला ‘क्वो न्येन’ म्हणतात. क्वो म्हणजे पार करणं, न्येन म्हणजे वर्ष. पण लोककथेतला न्येन म्हणजे एक अक्राळविक्राळ जनावर. वर्ष सरताना ते गावात शिरायचं, माणसं-गुरं फस्त करायचं. लाल रंग, आग आणि मोठा आवाज यांना ते भितं, हे एकदा कळलं आणि दारांवर लाल कागद चढले, फटाके वाजू लागले. ‘क्वो न्येन’ म्हणजे त्या संकटातून पार पडणं!

हाडांवर कोरलेल्या, तीन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी लिपीत मात्र ‘न्येन’च्या अक्षरात जनावर कुठेच नाही. तिथे आहे धान्याचा भारा वाहणारा माणूस. न्येन म्हणजे आधी सुगी. मग या सुगीपासून त्या सुगीपर्यंतचा काळ. आपलं ‘वर्ष’ पावसातून आलं, ‘अब्द’ पाणी देणाऱ्या ढगातून, त्यांचं पिकातून. मला हे नातं फार लोभस वाटतं.

म्हणून कथा टाकून द्यावी असं नाही. २०२४मध्ये युनेस्कोनं या सणाच्या प्रथा अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या. पण न्येनला खरं जपलंय ते वर्षाच्या शेवटच्या रात्री दिवे लावून जागणाऱ्या घरांनी.